कमी खर्चात प्रवास आणि त्यासाठी सवड : आधी तारखा की आधी पैसे?

मोकळी_दुपार

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी शाळेत आहे. वर्षातून एकदा तरी तिघांनी मिळून लांब कुठेतरी जायचं हे दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी शेवटच्या घटकेला, मिळेल त्या तिकिटावर, मिळेल त्या जागी जाऊन येतो. रजा दोघांच्याही शिल्लक असतात, पण एकाच वेळी मिळत नाहीत. माझ्याकडे आर्थिक वर्ष संपताना मान वर करायला फुरसत नसते, नवऱ्याकडे प्रत्येक तिमाहीच्या शेवटी रजा बंद, आणि शाळेच्या सुट्ट्या शाळा ठरवणार. या कचाट्यातून जे चार-पाच दिवस हाती लागतात ते नेमके सगळ्यांच्याच सुट्टीचे असतात. साहजिकच तिकीट महाग, खोली महाग. मग इतका खर्च केलाच आहे तर काही बघायचं सुटायला नको, म्हणून सकाळी सातला बाहेर पडायचं आणि रात्री दहाला परत यायचं. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "आई, आज आपण खोलीतच थांबलो तर?" तिला फिरायला आवडत नाही असं अजिबात नाही. ती दमली होती, आणि आम्हीही दमलो होतो.

नवऱ्याचं म्हणणं, आधी पैसे बाजूला पडू देत, मग तारखांचं बघू. मला वाटतं, तारखा पक्क्या झाल्याशिवाय किती पैसे लागणार हेच कळत नाही, त्यामुळे ते बाजूलाही पडत नाहीत. कर्ज काढून किंवा कार्डावर हप्ते पाडून फिरायचं नाही, एवढं मात्र आमचं दोघांचं पक्कं आहे.

तर विचारायचं असं की, तिकीट खरंच किती आधी काढावं? मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं, एकच प्रवास दोनदा शोधला की भाव चढतो, असं बरंच कानावर येतं. त्यात तथ्य किती? राहण्याचा खर्च कुठे वाचतो? आणि या सगळ्यासाठी सवड कशी काढायची? तुमच्यापैकी ज्यांना हे जमतं ते नेमकं काय करतात ते सविस्तर लिहा, प्लीज.

नकाशावेडा

मी एकच सांगेन : मुक्काम कमी करा.

मुक्काम बदलायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच. सामान भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, नव्या जागी दुपारपर्यंत खोली मिळत नाही म्हणून बॅगा सांभाळत बसा. पाच दिवसांत तीन गावं केली तर त्यातला एक अख्खा दिवस बॅगांच्या नावावर जातो, वर प्रत्येक वेळचं भाडं वेगळं. त्यापेक्षा एकाच गावात राहायचं आणि रोज सकाळी मोकळ्या हाताने आसपास जाऊन यायचं. आठवडाभर एकाच जागी राहिलात तर बऱ्याच ठिकाणी खोलीच्या भाड्यात सूट मिळते आणि बस-मेट्रोचा आठवड्याचा पासही वसूल होतो.

ठिकाण निवडताना तिथे फुकट काय काय आहे हेही बघा. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना २००१ पासून तिकीट नाही. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही. शहर महाग असलं तरी तिथले दिवस महाग असतीलच असं नाही.

तिकीटखिडकी

ताई, मी बरीच वर्षं विमानाची आणि रेल्वेची तिकिटं काढून द्यायचं काम केलं. काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसायचं ते लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या घरातल्या वादात मी तुमच्या बाजूने आहे. तारीख आधी. तिकिटाचा भाव अंतरावर जितका ठरतो त्याहून जास्त तारखेवर ठरतो, आणि हे कसं होतं ते एकदा नीट समजलं की निम्मी धावपळ आपोआप थांबते.

१९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. नव्या, स्वस्त कंपन्या मैदानात आल्या. त्यांना तोंड द्यायला अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये खूप कमी भावाची तिकिटं काढली, पण विमानातल्या सगळ्या खुर्च्या त्या भावाला विकल्या नाहीत. किती खुर्च्या स्वस्तात द्यायच्या आणि किती शेवटपर्यंत राखायच्या हे संगणक प्रत्येक उड्डाणापुरतं ठरवू लागला. पुढे जगभर हेच सुरू झालं आणि विमानांवरून ते हॉटेलं, भाड्याच्या गाड्या आणि बऱ्याच देशांतल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेपर्यंत पोचलं.

म्हणजे तुम्ही आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेले असता, पण यंत्रणेच्या लेखी तुम्ही वेगवेगळ्या गटांत असता. प्रत्येक गटाला एक अक्षर असतं. सगळ्यात स्वस्त गटात मोजक्या जागा. त्या गेल्या की त्याच्या वरचा गट, मग त्याच्या वरचा. कामासाठी जाणारा माणूस शेवटच्या आठवड्यात तिकीट मागतो आणि भावाची घासाघीस करत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. त्याच्यासाठीच वरच्या गटातल्या जागा राखलेल्या असतात. त्यामुळे 'विमान रिकामं जात असेल तर शेवटी स्वस्त करतील' या भरवशावर थांबणारे लोक काउंटरवर फार हिरमुसायचे. कधी तरी एखाद्याला तसं मिळतं आणि त्याची गोष्ट दहा जणांना सांगितली जाते. ज्यांना मिळत नाही ते सांगत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नांकडे. तिकीट कोणत्या वारी काढता याने काही होत नाही. कोणत्या वारी प्रवास करता याने मात्र खूप होतं. शुक्रवारी संध्याकाळी सुटून रविवारी रात्री परतणारं तिकीट आणि मंगळवारी सुटून पुढच्या बुधवारी परतणारं तिकीट, दोन्ही शेजारी ठेवून बघा. बहुतेक मार्गांवर फरक लगेच दिसेल. दोनदा शोधलं म्हणून भाव चढला असं मला तरी कधी आढळलं नाही. होतं काय, की पहिल्यांदा पडद्यावर दिसलेला भाव मघाशी साठवून ठेवलेला असतो, किंवा मधल्या वेळात त्या गटातली शेवटची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. तुम्हाला वाटतं आपल्यावर नजर ठेवून भाव वाढवला.

किती आधी काढावं याला ठोक आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. मोठ्या कंपन्या साधारण अकरा महिने आधी विक्री खुली करतात, पण पहिल्याच दिवशी भाव तळाला असतो असंही नाही. माझा अंदाज अनुभवावरून : शाळेच्या सुट्टीतल्या तारखा आणि लांबचा प्रवास असेल तर चार ते सहा महिने आधी, साध्या दिवसांत जवळचा प्रवास असेल तर एक ते तीन महिने आधी. तुमच्या तारखा सुट्टीच्याच असणार, तेव्हा तुम्ही पहिल्या गटात.

एक बारीक गोष्ट तिघांनी मिळून जाणाऱ्यांना फार उपयोगी पडते. तीन जणांचं तिकीट एकत्र शोधलं की यंत्रणा बहुतेकदा तिघांना पुरतील इतक्या जागा असलेला गट शोधते. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील तर त्या बाजूला राहतात आणि तिघांनाही वरचा भाव लागतो. म्हणून आधी एकाचं शोधा, मग दोघांचं, मग तिघांचं. एकाचा भाव तिघांच्या दरडोई भावापेक्षा कमी दिसला तर काय झालंय ते तुमच्या लक्षात येईल. मग दोन एकत्र आणि एक वेगळं असं काढता येतं. फक्त मुलीचं नाव एका मोठ्या माणसाबरोबर एकाच आरक्षणात हवं. आणि उड्डाण रद्द झालं तर दोन आरक्षणं दोन वेगळ्या विमानांत टाकली जाऊ शकतात, हे लक्षात ठेवून फरक तेवढा मोठा असेल तरच हे करा.

भाव बघताना घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंतचा बघा. स्वस्त विमान पहाटे चारचं असतं, तेव्हा बस-रेल्वे नसते, टॅक्सीला वाचलेल्यातलं बरंचसं जातं. बॅगेचे पैसे वेगळे असतात. विमानतळ गावाबाहेर असतो, आणि कधी कधी गावाबाहेर म्हणजे फारच बाहेर. पॅरिसच्या नावाने विकली जाणारी स्वस्त विमानं ज्या बोव्हे विमानतळावर उतरतात तो पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. लहान मुलीला घेऊन रात्री अकराला तिथे उतरायचं का, याचा विचार तिकीट काढण्याआधी करायचा.

तसंच दोन सुटी तिकिटं जोडण्याचं. एक कुटुंब मला चांगलं आठवतं. त्यांनी पहिलं विमान एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्याच कंपनीचं असं स्वतः जोडलं होतं, मध्ये दोन तास. पहिलं विमान उशिरा पोचलं. पुढच्या कंपनीच्या दृष्टीने हे लोक आलेच नव्हते, त्यामुळे तिकीट बाद, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्यांना त्याच दिवशीचं नवं तिकीट घ्यावं लागलं, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातलं. वाचवले होते त्याच्या कितीतरी पट गेले. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असती तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहिली असती. सुटी तिकिटं जोडायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेवा आणि त्या गावातही थोडं फिरून घ्या. आणखी एक, जाता-येताचं एकच तिकीट असेल आणि त्यातलं जातानाचं उड्डाण तुम्ही घेतलं नाही, तर पुढचं सगळं सहसा रद्द होतं. हे माहीत नसल्यामुळे परतीच्या दिवशी काउंटरवर रडवेले झालेले लोक मी पाहिले आहेत.

लांब जाणार असाल तर जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्या शहरातून निघता येतं का तेही बघा. बऱ्याच कंपन्या हे साध्या जाता-येताच्या तिकिटासारखंच धरतात, आणि निव्वळ परतीच्या विमानासाठी उलटा प्रवास करण्यात जाणारा दिवस वाचतो.

आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे : स्वस्त शोधण्यालाही वेळ लागतो, आणि तो तुमच्याच मोकळ्या वेळातून जातो. महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की नवरा-बायको दोघं आपापल्या फोनवर भाव बघत बसलेत, असं मी कितीतरी घरांचं ऐकलं आहे. शोधायला दोन-तीन संध्याकाळी द्या. एक रक्कम ठरवा, तिच्या आत मिळालं की काढून टाका. काढल्यावर पुन्हा बघू नका. तुम्हाला खरा फायदा तारीख आठवड्याच्या मध्यावर सरकवल्याने होणार आहे, महिनाभर पडदा खालीवर केल्याने नाही.

राहण्याबद्दल नंतर लिहिते.

मोकळी_दुपार

ताई, किती छान समजावून सांगितलंत. एकाचं, मग दोघांचं, मग तिघांचं, हे आत्ताच करून पाहिलं आणि खरंच दोन वेगळे भाव दिसले! नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, तारखा आधी हे मान्य, पण सहा महिने आधी रजा मागितली तर साहेब म्हणणार, "तेव्हाचं तेव्हा बघू." आणि मग तिकीट काढून बसलो आणि रजा मिळाली नाही तर? आमची गाडी नेहमी इथेच अडते.

दुसरं, चार-पाच दिवसांची सुट्टी पुरते का? की दोन वर्षांतून एकदाच पण मोठी घ्यावी?

रात्रपाळी

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करतो. आमच्याकडे कोणी तरी असावंच लागतं, त्यामुळे 'तेव्हाचं तेव्हा' हे उत्तर मी खूप ऐकलं आहे. माझ्या बाबतीत काय उपयोगी पडलं ते सांगतो.

साहेबाला 'रजा मिळेल का' असं विचारू नका. पुढच्या वर्षाचं कामाचं वेळापत्रक तयार होण्याआधी लेखी द्या, तारखांसह, आणि त्यातच लिहा की या दिवसांत माझं कोणतं काम कोण बघणार आहे. मी त्या सहकाऱ्याशी आधी बोलतो : तू मला हा आठवडा सांभाळ, मी तुझ्या हव्या त्या आठवड्यात तुझ्या रात्रीच्या पाळ्या करतो. आमच्या तक्त्यात माझ्या नावापुढे रजेची खूण पडते तेव्हा त्याच रांगेत त्याचं नाव पेन्सिलने लिहिलेलं असतं. साहेबासमोर अडचण जात नाही, तोडगा जातो. नाही म्हणणं मग त्यालाही अवघड होतं. दोन पर्याय द्या, पहिली पसंती आणि दुसरी. 'नाही' म्हणण्याऐवजी तो 'दुसरी घे' म्हणतो. उत्तर लेखी येईपर्यंत तिकीट काढू नका, किंवा थोडे जास्त मोजून रद्द करता येणारं काढा. खोली तर नेहमी रद्द करता येणारीच घ्या.

आणि रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण माझ्या आसपास ती न घेणारीच माणसं जास्त आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा पहिला करार १९३६ मध्ये केला, त्यात वर्षाच्या नोकरीनंतर निदान सहा कामाचे दिवस होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, आणि लेओ लाग्रांज या उपमंत्र्याने रेल्वेच्या भाड्यात चाळीस टक्के सूट मिळवून दिली. नुसती रजा देऊन भागत नाही, जायला परवडायलाही हवं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत यांच्यासाठी २४ वं कलम आहे. १९७० मध्ये श्रम संघटनेने नवा करार केला : वर्षाला निदान तीन आठवडे, आणि तुकडे पाडले तरी साधारणपणे त्यातला एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. अमेरिकेत खासगी नोकरीत पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा आजही नाही. पण सलग असण्याचा आग्रह का धरला असेल हे कामावरून थकून आलेल्या कोणालाही कळेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर नेदरलँड्समधल्या संशोधकांची दोन कामं मला फार पटली. २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांची तब्येत आणि मनःस्थिती सुट्टीआधी, सुट्टीत आणि नंतर तपासली. सुट्टी सुरू होताच बरं वाटू लागलं, आठव्या दिवसाच्या सुमाराला ते सगळ्यात वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वीच्या पातळीवर आलं. म्हणजे दोन वर्षं थांबून एकच मोठी सुट्टी घेतली तरी ती पुढची दोन वर्षं पुरणार नाही. आधीचा, २०१० चा अभ्यास दीड हजार लोकांचा होता. त्यात जाऊन आलेले लोक आणि न गेलेले लोक यांच्या नंतरच्या आनंदात फरक जवळजवळ सापडलाच नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती तेवढेच परतल्यावरही काही काळ जास्त आनंदी होते. आणि जाण्याआधीच्या दिवसांत मात्र जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खुशीत होते.

तुमच्या मुलीचा प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटला. तिने बरोबर ओळखलं होतं. तिसऱ्या दिवशी खोलीत थांबा. खिडकीत बसा, पत्ते खेळा, दुपारी झोपा. तो दिवस वाया गेला असं कोणालाही म्हणू देऊ नका.

मी स्वतः वर्षातून एक आठ-नऊ दिवसांची सलग रजा घेतो आणि दोन-तीन वेळा शनिवार-रविवारला जोडून छोटी. सलग रजेचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस घरी ठेवतो. पहिल्या दिवशी झोप पुरी करतो आणि बॅग भरतो, शेवटच्या दिवशी कपडे धुऊन वाळत घालतो आणि काहीही करत नाही. रात्री बाराला घरी पोचून सकाळी सातला कामावर जाणं मी पूर्ण बंद केलं आहे. आणि जाण्याआधी बरेच दिवस जागा नकाशावर बघत राहतो, मुलांना दाखवतो, कारण तो आनंद फुकटचा आहे आणि खरा आहे.

तिकीटखिडकी

रात्रपाळी यांनी रजेचं फार चांगलं लिहिलंय. मी राहण्याचं पुरं करते.

हॉस्टेल म्हटलं की लोकांना वाटतं ते कॉलेजच्या मुलांसाठी. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांना ही कल्पना १९०९ मध्ये सुचली. वर्गाला घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात अडकले आणि एका गावातल्या रिकाम्या शाळेत त्यांना रात्र काढावी लागली. सुट्टीत ओस पडलेल्या शाळांमध्ये मुलांना झोपायला जागा का देऊ नये, असं त्यांना वाटलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं पहिलं युवा वसतिगृह उघडलं. आज अशा बहुतेक वसतिगृहांत वयाची अट नाही, आणि तिघा-चौघांच्या कुटुंबाला स्वतंत्र खोल्याही मिळतात. सामाईक स्वयंपाकघर असतं, कपडे धुण्याची सोय असते. मुलीला तिथे इतर मुलंही भेटतील. पण त्या कौटुंबिक खोल्या थोड्याच असतात आणि सुट्टीत आधी त्याच भरतात, तेव्हा तारीख ठरली की तिकिटाच्याही आधी ही चौकशी करा.

बऱ्याच देशांतली विद्यापीठं उन्हाळी सुट्टीत रिकाम्या झालेल्या विद्यार्थी-खोल्या पाहुण्यांना देतात. साध्या असतात, स्वच्छ असतात, आणि बऱ्याचदा गावाच्या मध्यात किंवा बससमोर असतात. घरांची अदलाबदलही चालते. तुम्ही त्यांच्या घरी, ते तुमच्या घरी. विश्वासाचं काम आहे, आधी दोन-तीनदा समोरासमोर बोलून घ्या, पण राहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो आणि तुम्ही पर्यटकांच्या गल्लीऐवजी खऱ्या वस्तीत राहता.

जी काही जागा घ्याल ती एका शेगडीची का होईना, स्वयंपाकाची सोय असलेली घ्या. तिघांनी तिन्ही वेळा बाहेर खाण्याने बजेट जितकं फाटतं तितकं तिकिटानेही फाटत नाही. दिवसातून एकदा बाहेर, बाकी खोलीत. याचा दुसरा फायदा म्हणजे सकाळी सातला बाहेर पडायची घाईच राहत नाही.

पैशांचं तुमच्या नवऱ्याला असं सांगा. तारीख ठरली, तिकीट-खोली-जेवण-फिरणं यांचा अंदाज काढला, त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले, आणि ती रक्कम उरलेल्या महिन्यांनी भागली. दर महिन्याला पगार झाला की तेवढे वेगळ्या खात्यात. भागाकार झेपत नसेल तर ठिकाण जवळचं करा, तारीख सोडू नका. ठिकाण बदललं तरी रजा तीच राहते.

मोकळी_दुपार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघं कॅलेंडर घेऊन बसलो. शाळेच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा आणि त्याला लागून पुढचे दोन दिवस अशा तारखा निघाल्या. मुलीचे दोन दिवस बुडतील, शाळेला आधी कळवू. त्या आठवड्यात गर्दी कमी होत आलेली असते, आणि नवऱ्याची तिमाहीही तोवर संपलेली असते. तो उद्याच दोन पर्याय लिहून देतो आहे, काम कोण बघणार हेही ठरलंय. एकच मुक्काम. तिसरा दिवस मुलीच्या नावावर.

एक शेवटचं. देशाबाहेर जायचं ठरलं तर तिकीट काढण्याआधी काय तपासावं?

तिकीटखिडकी

तारखा छान निघाल्या.

आधी पासपोर्ट, तिघांचेही. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने चालतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा. लहान मुलांचा पासपोर्ट सहसा कमी मुदतीचा असतो, त्यामुळे घोटाळा बहुतेक तिथेच होतो. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच घाला. व्हिसा लागत असेल तर त्याला किती दिवस लागतात ते बघून मगच परत न मिळणारं तिकीट काढा. वैद्यकीय विमा घ्याच. शेंगेन व्हिसाला तर निदान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच.

तिथे कार्डाने पैसे देताना यंत्र विचारेल, तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? इथल्या म्हणा. तुमच्या चलनात म्हटलं की दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते आणि तो सहसा महाग पडतो.

युरोपात विमानाला खूप उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे जेवण, गरज पडली तर राहण्याची सोय, आणि ठरावीक परिस्थितीत भरपाईसुद्धा मागता येते. विमानतळावर पाटी असते, पण वाचत कोणी नाही. बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.

रजा मंजूर झाली की इथे लिहा, मार्ग सांगितलात तर उड्डाणं मी बघून देईन.